मुंबई–दिल्ली विमान अंतर किती, वेळ किती: दोन्ही आकडे स्वतः काढण्याची रीत

मुंबई ते दिल्ली हवाई अंतर सुमारे १,१३८ किलोमीटर. ताशी ८३० किलोमीटरने जाणाऱ्या विमानाला एवढे अंतर कापायला ८२ मिनिटे पुरतात. तिकिटावर मात्र सव्वादोन तास छापलेले असतात. मधली ५३ मिनिटे जातात कुठे?

हा हिशेब एकदा नीट समजला की कोणत्याही दोन विमानतळांमधले अंतर आणि प्रवासाचा वेळ तुम्ही पाच मिनिटांत काढू शकता. शिवाय पुढचे विमान पकडायला दीड तास पुरेल का, आईवडिलांना आणायला विमानतळावर किती वाजता पोचावे, पुण्याहून मुंबईला जाऊन विमान पकडणे परवडेल का, या प्रश्नांना अंदाजपंचे उत्तर द्यावे लागत नाही. खाली मुंबई–दिल्ली हे उदाहरण शेवटपर्यंत धरले आहे आणि गरज पडेल तिथे मुंबई–लंडन घेतले आहे. जवळचे अंतर आणि लांबचे अंतर यांच्या हिशेबाच्या रीती वेगळ्या आहेत, म्हणून दोन उदाहरणे.

पायरी १: शहर नव्हे, विमानतळ ठरवा

“मुंबई ते दिल्ली” हे अपुरे आहे. मुंबईसाठी आता दोन विमानतळ आहेत: अंधेरी–विलेपार्ल्याचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ (कोड बीओएम) आणि उलव्याजवळचा नवी मुंबई विमानतळ (एनएमआय), ज्याचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले. दिल्लीला इंदिरा गांधी विमानतळ (डीईएल) आहेच, पण काही विमाने गाझियाबादच्या हिंडनलाही (एचडीओ) उतरतात. गोव्यात दाबोळी (जीओआय) आणि मोपा (जीओएक्स) अशी जोडी आहे. या दोहोंमध्ये सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटर अंतर आहे, रस्त्याने त्याहून बरेच जास्त. सावंतवाडीला जाणाऱ्याने मोपा सोडून दाबोळीचे तिकीट काढले, तर विमानात वाचवलेला वेळ टॅक्सीत जातो.

यात एक गंमत लक्षात घेण्यासारखी आहे. दिल्लीपासून अंधेरी आणि दिल्लीपासून उलवे या दोन हवाई अंतरांत जेमतेम तीन-चार किलोमीटरचा फरक आहे. विमानाच्या दृष्टीने हा फरक शून्यच. पण बोरिवलीत राहणाऱ्या माणसाला उलव्याला पोचायला लागणारा वेळ आणि पनवेलच्या माणसाला अंधेरीला पोचायला लागणारा वेळ पाहा. विमानतळ निवडताना हवाई अंतर पाहू नका, घरापासूनचा रस्ता पाहा.

तिकिटावरचा तीन अक्षरी कोड वाचण्याची सवय लावा. पुणे पीएनक्यू, नागपूर एनएजी, नाशिक आयएसके, कोल्हापूर केएलएच, छत्रपती संभाजीनगर आयएक्सयू. नावात घोटाळा होतो, कोडमध्ये सहसा होत नाही.

पायरी २: अक्षांश-रेखांश नीट उतरवून घ्या

प्रत्येक विमानतळाचा एक संदर्भबिंदू ठरलेला असतो. अंतर या बिंदूपासून त्या बिंदूपर्यंत मोजतात. टर्मिनलच्या दारापासून किंवा शहराच्या मध्यापासून नव्हे. आपल्या उदाहरणात:

मुंबई (बीओएम): १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व
दिल्ली (डीईएल): २८.५७ उत्तर, ७७.१० पूर्व
लंडन हीथ्रो (एलएचआर): ५१.४७ उत्तर, ०.४६ पश्चिम

हिशेब चुकतो तो बहुतेक वेळा इथेच, आणि तीन प्रकारांनी.

पहिला प्रकार अंश-मिनिटांचा. दिल्लीचे अक्षांश अनेक ठिकाणी २८ अंश ३४ मिनिटे असे दिलेले असतात. ते २८.३४ नव्हे. ३४ मिनिटांना ६० ने भागा, ०.५७ येतात, म्हणून २८.५७. हा भागाकार विसरलात तर दिल्ली तब्बल २५ किलोमीटर दक्षिणेला सरकते.

दुसरा प्रकार पूर्व-पश्चिमेचा. पश्चिम रेखांश आणि दक्षिण अक्षांश उणे धरायचे असतात. न्यूयॉर्कचा जेएफके विमानतळ ४०.६४ उत्तर, ७३.७८ पश्चिमेला आहे. उणे चिन्ह गाळले तर तो बिंदू थेट किर्गिझस्तानात जाऊन पडतो आणि मुंबई–न्यूयॉर्क अंतर २,४०० किलोमीटर निघते. खरे अंतर १२,५०० किलोमीटरहून थोडे जास्त आहे. लंडनच्या बाबतीत ही चूक जास्त फसवी, कारण ०.४६ हा आकडाच लहान. उत्तर साठेक किलोमीटरनेच चुकते आणि शंकाही येत नाही.

तिसरा प्रकार अदलाबदलीचा: अक्षांशाच्या जागी रेखांश लिहिणे. महाराष्ट्रासाठी सोपी खूण अशी की अक्षांश १५ ते २२ च्या दरम्यान असतात आणि रेखांश ७२ ते ८१ च्या. ७० च्या पुढचा आकडा अक्षांशाच्या रकान्यात दिसला की थांबा.

पायरी ३: जवळचे अंतर कागदावर काढा

दीडेक हजार किलोमीटरपर्यंतच्या अंतरासाठी शाळेतले पायथागोरसचे प्रमेय पुरते. एक अंश अक्षांश म्हणजे साधारण १११.२ किलोमीटर, पृथ्वीवर कुठेही. रेखांशाचा अंश मात्र विषुववृत्तावरच एवढा लांब असतो, पुढे उत्तरेला तो आकसत जातो. म्हणून रेखांशाच्या फरकाला दोन्ही ठिकाणांच्या सरासरी अक्षांशाच्या कोसाइनने गुणावे लागते.

मुंबई–दिल्ली करून पाहू.

अक्षांशातला फरक: २८.५७ − १९.०९ = ९.४८. गुणिले १११.२ = १,०५४ किलोमीटर.
रेखांशातला फरक: ७७.१० − ७२.८७ = ४.२३.
सरासरी अक्षांश: २३.८३. त्याचा कोसाइन ०.९१४८.
पूर्व-पश्चिम अंतर: ४.२३ × १११.२ × ०.९१४८ = ४३० किलोमीटर.
दोघांचे वर्ग करून बेरीज, आणि तिचे वर्गमूळ: १,१३८ आणि काहीशे मीटर.

नेमक्या गोलाकार सूत्राने काढले तरी उत्तर १,१३८ च येते. या पद्धतीने नागपूर काढा (२१.०९ उत्तर, ७९.०५ पूर्व): मुंबईपासून सुमारे ६८३ किलोमीटर. कोल्हापूर (१६.६६, ७४.२९): सुमारे ३०९. पुण्याहून दिल्ली सुमारे १,१५७, म्हणजे मुंबईपेक्षा फक्त २० किलोमीटर जास्त. पुण्याहून दिल्ली लांब पडते असे वाटते ते रेल्वेच्या हिशेबाने, विमानाच्या नव्हे.

पायरी ४: लांबच्या अंतराला गोलाचे सूत्र लावा

वरची सोपी रीत मुंबई–लंडनला लावली तर उत्तर येते सुमारे ७,५७० किलोमीटर. खरे उत्तर ७,२१३. साडेतीनशे किलोमीटरची चूक, म्हणजे विमानाची जवळजवळ २५ मिनिटे. पृथ्वी सपाट धरल्याची ही किंमत. लांबच्या प्रवासात सर्वात जवळचा मार्ग नकाशावर सरळ रेषेत नसतो, तो उत्तरेकडे फुगलेल्या कमानीसारखा दिसतो. यालाच बृहद्‌वृत्त म्हणतात. चेंडूवर दोन टाचण्या टोचून त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरा, म्हणजे तो मार्ग डोळ्यांना दिसेल.

मोबाइलवरचा कॅल्क्युलेटर आडवा धरला की बहुतेक फोनवर साइन-कोसाइनची बटणे येतात. कॅल्क्युलेटर डिग्री मोडवर आहे ना, ते आधी तपासा. रेडियनवर राहिला तर उत्तर हमखास भलतेच येते आणि कारण सापडत नाही.

मग असे करा:

पहिल्या ठिकाणाच्या अक्षांशाचा साइन गुणिले दुसऱ्याच्या अक्षांशाचा साइन. मुंबई ०.३२७०५, हीथ्रो ०.७८२२८. गुणाकार ०.२५५८.

दोघांच्या अक्षांशांच्या कोसाइनचा गुणाकार, आणि त्याला रेखांशांमधल्या फरकाच्या कोसाइनने गुणा. फरक ७२.८७ − (−०.४६) = ७३.३३. म्हणजे ०.९४५०० × ०.६२२९४ × ०.२८६८६ = ०.१६८९.

दोन्हींची बेरीज ०.४२४७. आता उलटा कोसाइन घ्या (कॅल्क्युलेटरवर कॉसच्या डोक्यावर उणे एक लिहिलेले बटण): ६४.८७ अंश. गुणिले १११.२. उत्तर ७,२१३ किलोमीटर.

पृथ्वी अगदी गोल नाही, ध्रुवांकडे किंचित चपटी आहे. विषुववृत्तावर तिची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवाकडे ६,३५७. त्यामुळे या सूत्रात फार तर अर्ध्या टक्क्याची चूक राहते. प्रवासाच्या नियोजनासाठी ती विसरून जा.

आकडेमोड नकोच असेल तर संगणकावर गूगल मॅप्स उघडा, पहिल्या विमानतळावर उजवे बटण दाबून अंतर मोजण्याचा पर्याय निवडा आणि दुसऱ्या विमानतळावर क्लिक करा. ग्रेट सर्कल मॅपर या संकेतस्थळावर दोन कोड मध्ये आडवी रेघ देऊन टाकले तरी चालते. फक्त उत्तराचे एकक पाहा. विमानवाले अंतर नॉटिकल मैलांत मोजतात: एक नॉटिकल मैल म्हणजे बरोबर १.८५२ किलोमीटर. साधा मैल १.६०९ किलोमीटरचा. मुंबई–दिल्ली अंतर ६१५ नॉटिकल मैल, ७०७ मैल किंवा १,१३८ किलोमीटर. तिन्ही आकडे बरोबर आहेत. “अमुक ठिकाणी ६१५ दिलेय आणि तमुक ठिकाणी ७०७, खरे कोणते?” या वादाचे मूळ बहुधा एककातच सापडते.

पायरी ५: सरळ रेषेचे खऱ्या वाटेत रूपांतर

विमान सरळ रेषेत उडत नाही. मुंबईत वारा बहुतेक काळ पश्चिमेकडून असतो, त्यामुळे विमान पश्चिमेला समुद्राकडे तोंड करून उडते आणि मग वळून उत्तरेची वाट धरते. वाटेत ठरलेल्या हवाई मार्गांनी जावे लागते, हवाई दलाच्या राखीव भागांना वळसा असतो, आणि दिल्लीजवळ उतरणाऱ्या विमानांच्या रांगेत बसण्यासाठी आणखी वळणे. देशांतर्गत प्रवासाला सरळ अंतरावर पाच टक्के वाढवून धरा, पाचशे किलोमीटरच्या आतल्या प्रवासाला आठ टक्के. कारण सुरुवातीची आणि शेवटची वळणे दोन्हीकडे सारखीच, पण छोट्या प्रवासात त्यांचा वाटा मोठा. मुंबई–दिल्ली मग १,१९५ किलोमीटर होते.

परदेशच्या प्रवासात राजकारण आडवे येते. २४ एप्रिल २०२५ रोजी पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना आपली हवाई हद्द बंद केली. त्याचा सर्वाधिक फटका दिल्लीहून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांना बसला, कारण त्यांची सरळ वाटच तिथून जाते. मुंबईहून निघणारी विमाने अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूने जाऊ शकतात, त्यामुळे त्यांचा वळसा कमी. शिवाय अशी बंदी एका देशाच्या कंपन्यांपुरती असते. एकाच मार्गावर भारतीय कंपनीचे विमान जास्त वेळ घेते आणि परदेशी कंपनीचे कमी, असे दिसले तर कारण विमानात शोधू नका, वाटेत शोधा. २०२२ पासून रशियाच्या हवाई हद्दीबाबत युरोपीय कंपन्यांची अशीच अडचण झाली आहे.

पायरी ६: हवेतला वेळ

आता वेग. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ साधारण ताशी ८३० किलोमीटरने जाते (ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पट). लांब पल्ल्याचे बोइंग ७८७ ताशी ९०० (०.८५ पट). पंखे असलेले एटीआर ७२ सुमारे ५००.

हा वेग वरच्या उंचीवरचा. विमान ३५,००० फुटांवर चढायला २० ते २५ मिनिटे घेते. १०,००० फुटांखाली वेगाची मर्यादा २५० नॉट, म्हणजे ताशी सुमारे ४६०. उतरायला सुरुवात होते ती विमानतळाच्या २०० किलोमीटर अलीकडेच: दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल हा वैमानिकांचा जुना हिशेब, ३५ गुणिले ३, म्हणजे १०५ नॉटिकल मैल. मुंबईहून दिल्लीला जाताना जयपूरच्या आसपास इंजिनांचा आवाज बदलतो आणि कानांना दडे बसतात ते याच कारणाने. चढण्या-उतरण्याच्या या संथ भागासाठी जेट विमानाला १८ मिनिटे आणि एटीआरला १० मिनिटे वरकड धरा.

मुंबई–दिल्ली: १,१९५ भागिले ८३० म्हणजे ८६ मिनिटे, अधिक १८. एकूण १०४ मिनिटे, पावणेदोन तासांना एक मिनिट कमी.

मुंबई–नागपूर: ६८३ चे पाच टक्के वाढवून ७१७, भागिले ८३० म्हणजे ५२ मिनिटे, अधिक १८. एक तास दहा मिनिटे.

मुंबई–कोल्हापूर एटीआरने: ३०९ चे आठ टक्के वाढवून ३३४, भागिले ५०० म्हणजे ४० मिनिटे, अधिक १०. पन्नास मिनिटे.

पायरी ७: जमिनीवरचा वेळ

तिकिटावरचा वेळ हवेतला नसतो. विमानाच्या चाकाखालचे अडसर काढले, तिथून घड्याळ सुरू. दुसऱ्या विमानतळावर ते पुन्हा लावले की बंद. याला ब्लॉक टाइम म्हणतात. म्हणजे गेटवरून मागे ढकलणे, धावपट्टीपर्यंत रांगत जाणे, तिथे आपला क्रमांक येईपर्यंत थांबणे, आणि उतरल्यावर पुन्हा गेटपर्यंत जाणे, हे सगळे त्यात येते.

मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, म्हणून दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. सगळी विमाने एका वेळी एकाच पट्टीवर. सकाळी सातच्या सुमारास खिडकीतून पाहिले तर पुढे सात-आठ विमानांच्या शेपट्या एका रांगेत दिसतात. प्रत्येकाच्या मागे दीड-दोन मिनिटे धरली तरी पाव तास गेला. दिल्लीत चार धावपट्ट्या आहेत, पण विमानतळाचा पसारा एवढा की उतरल्यावर टर्मिनल येईपर्यंत १० ते १५ मिनिटे सहज जातात. मुंबईत निघताना २० आणि दिल्लीत उतरल्यावर १० धरा. नागपूर, कोल्हापूर, नाशिक अशा ठिकाणी पाच मिनिटे पुरतात.

आता बेरीज: १०४ अधिक २० अधिक १०. दोन तास चौदा मिनिटे. ती ५३ मिनिटे हिशेबात आली: चार मिनिटे वाकड्या वाटेची, अठरा चढ-उताराची, तीस जमिनीवरची, आणि उरलेले एखादे मिनिट कंपनीने वेळ पाचाच्या पटीत छापल्याचे.

कंपन्या वेळापत्रकात जादा मिनिटे राखूनही ठेवतात, म्हणून “वीस मिनिटे आधी उतरलो” असे अनेकदा घडते. विमान उशिरा निघाले तर वैमानिक वेग वाढवून भरून काढेल, ही आशा मात्र फोल आहे. वेग ०.७८ वरून ०.८० केला तर हजार किलोमीटरमागे वाचतात दोन मिनिटेसुद्धा नाहीत. उशीर भरून निघतो तो राखीव मिनिटांतून किंवा वाट सरळ मिळाल्यामुळे. उलट दिल्लीवर घिरट्या घालाव्या लागल्या तर प्रत्येक फेरीमागे चारेक मिनिटे जातात, आणि डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात अशा किती फेऱ्या होतील याचा नेम नसतो. त्या दोन महिन्यांत दिल्लीचे पहाटेचे विमान शक्यतो टाळा. दुपारी बाराचे बरे.

ब्लॉक टाइम माहीत असण्याचा एक रोकडा फायदा आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमानुसार, वेळेत चेक-इन केलेल्या प्रवाशाला उशीर झाल्यास कंपनीने खाण्यापिण्याची सोय करायची असते, आणि किती उशिरानंतर ते ब्लॉक टाइमवर ठरते: अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर, अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला तीन तास, त्याहून लांबच्या उड्डाणाला चार तास. मुंबई–दिल्ली पहिल्या गटात येते. काउंटरवर मागताना हा आकडा तोंडपाठ असू द्या.

पायरी ८: वारा

मुंबई–दिल्ली प्रवास बराचसा दक्षिणोत्तर आहे, त्यामुळे वाऱ्याचा परिणाम मर्यादित. पूर्व-पश्चिम प्रवासात मात्र वारा खेळ बदलतो. हिवाळ्यात उत्तर भारतावर, विमाने उडतात त्याच उंचीवर, पश्चिमेकडून जोरदार वारे वाहतात. मुंबई–कोलकाता सुमारे १,६६० किलोमीटर. वारा ताशी १०० किलोमीटरचा धरला तर कोलकात्याकडे जाताना विमानाचा जमिनीवरून मोजलेला वेग होतो ९३० आणि येताना ७३०. जाताना १०७ मिनिटे, येताना १३६. अंतर तेच, विमान तेच, फरक अर्ध्या तासाचा.

मुंबई–लंडनमध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडते: जाताना दहा तासांच्या आसपास, परतताना नऊच्या आसपास. म्हणून जाण्याचा वेळ दुप्पट करून येण्या-जाण्याचा हिशेब करू नका. दोन्ही बाजू वेगळ्या काढा.

पायरी ९: तिकिटावरची घड्याळे

तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावची स्थानिक वेळ असते. देशात प्रश्न येत नाही. लंडनला येतो.

हिवाळ्यात लंडन आपल्या साडेपाच तास मागे असते, उन्हाळ्यात साडेचार. तिथली घड्याळे मार्चच्या शेवटच्या रविवारी एक तास पुढे जातात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतात. समजा जानेवारीत मुंबईहून दुपारी १ ला निघालात आणि प्रवास दहा तासांचा आहे. भारतीय घड्याळाने पोचाल रात्री ११ ला, त्यातून साडेपाच तास वजा, लंडनचे साडेपाच वाजलेले असतील. नुसती तिकिटावरची वजाबाकी केली तर प्रवास साडेचार तासांचा दिसतो. येताना उलटे: लंडनहून रात्री ९ ला निघालात तेव्हा मुंबईत पहाटेचे अडीच वाजलेले असतात, नऊ तास मिळवा, मुंबईत सकाळी साडेअकरा. तिकिटावर वेळेशेजारी “+१” असते ते याचसाठी. विमानतळावर घ्यायला येणाऱ्याला तारीख सांगताना हा अधिक एक विसरू नका.

अमेरिकेत घड्याळे मार्चच्या दुसऱ्या रविवारी बदलतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत येतात. म्हणजे दरवर्षी मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा लंडन आणि न्यूयॉर्कमधला फरक नेहमीचा पाच तासांचा न राहता चार तासांचा होतो. दुबई, सिंगापूर यांना ही भानगड नाही: दुबई वर्षभर दीड तास मागे, सिंगापूर अडीच तास पुढे.

आणि सगळ्यात महाग पडणारी चूक: मध्यरात्रीनंतरचे विमान. तिकिटावर १५ तारीख, वेळ ००:३० असेल तर विमानतळावर पोचायचे आहे १४ च्या रात्री साडेनऊला. १५ ला संध्याकाळी बॅगा भरायला घेतल्या तर विमान जाऊन अठरा तास झालेले असतात. असे तिकीट हाती आले की भिंतीवरच्या कॅलेंडरवर १४ च्या चौकटीत “आज रात्री निघायचे” असे लिहून टाका.

पायरी १०: घर ते घर

दादरच्या घरातून दिल्लीच्या कॅनॉट प्लेसपर्यंत जाऊ. घर ते टर्मिनल एक तास. उड्डाणाच्या दोन तास आधी पोचायचे, कारण देशांतर्गत उड्डाणाला बहुतेक कंपन्यांचे सामानाचे काउंटर ६० मिनिटे आधी आणि बोर्डिंग गेट २५ मिनिटे आधी बंद होते. विमान सव्वादोन तास. उतरून, बेल्टवरून बॅग घेऊन बाहेर यायला ४० मिनिटे. टर्मिनल ३ वरून एअरपोर्ट एक्स्प्रेस मेट्रोने नवी दिल्ली स्टेशन वीस मिनिटांत येते, चालणे आणि वाट पाहणे धरून ४० मिनिटे. एकूण सहा तास पस्तीस मिनिटे. त्यातले हवेत पावणेदोन तास. राजधानी एक्स्प्रेसला मुंबई सेंट्रल ते नवी दिल्ली सुमारे १,३८५ किलोमीटरला साडेपंधरा तास लागतात, पण ते रात्रीच्या झोपेत जातात. सकाळी दहाची बैठक असेल तर दोन्हींची तुलना करूनच ठरवा.

मुंबईत टर्मिनल १ की २ हेही तिकिटावर पाहा. दोन्ही एकाच विमानतळाचे असले तरी त्यांच्यात काही किलोमीटरचा रस्ता आहे. मेट्रो ३ वर दोघांची स्वतंत्र स्थानके आहेत.

पुण्याहून मुंबईमार्गे लंडन: कोथरूड ते अंधेरी साडेचार तास (शुक्रवारी संध्याकाळी किंवा पावसात घाटात अडकलात तर सहा), तीन तास आधी पोचणे, दहा तास विमान, हीथ्रोला इमिग्रेशन आणि सामानाला दीड तास, पुढे घरापर्यंत एक तास. वीस तास झाले. वाटेत एक थांबा घेऊन पुण्याहूनच निघण्याचा पर्याय मिळत असेल तर तो याच वीस तासांशी ताडून पाहा, निव्वळ विमानाच्या दहा तासांशी नव्हे.

मध्ये विमान बदलायचे असेल तर दोन्ही उड्डाणे एकाच तिकिटावर घ्या. पहिले विमान उशिरा आले तर पुढची सोय कंपनीने करायची असते. वेगवेगळी तिकिटे असतील तर बॅग घेऊन बाहेर येणे, पुन्हा चेक-इन, आणि दिल्लीत टर्मिनल १ वरून ३ ला जाण्याची बस, हे सगळे तुमच्या वेळात. अशा वेळी देशांतर्गत बदलाला किमान चार तास ठेवा, पुढचे उड्डाण परदेशचे असेल तर सहा.

शेवटचा पडताळा

काढलेला आकडा बरोबर आहे का ते फ्लाइटरडार२४ वर तपासता येते. उड्डाण क्रमांक टाका, गेल्या आठवड्यातली रोजची उड्डाणे दिसतात: ठरलेली वेळ, प्रत्यक्ष टेकऑफ आणि लँडिंग. सात दिवसांतला सर्वात कमी आणि सर्वात जास्त आकडा बाजूला ठेवा, उरलेल्या पाचांची सरासरी घ्या. तिथे दिसतो तो हवेतला वेळ, जमिनीवरचा त्यात मिळवायचा आहे.

वेळापत्रक वर्षातून दोनदा बदलते, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. फेब्रुवारीत पाहून ठेवलेली वेळ एप्रिलच्या प्रवासाला लावू नका. मुंबईच्या धावपट्ट्या पावसाळ्याआधी, बहुधा मे महिन्यात, एक दिवस सहा तास देखभालीसाठी बंद असतात. तारीख आधी जाहीर होते. त्या दिवशी सकाळी अकरा ते संध्याकाळी पाचच्या मधले विमान मिळणारच नाही, आणि पाचनंतरच्या पहिल्या दोन तासांत धावपट्टीपुढची रांग नेहमीपेक्षा लांब असेल. त्या दिवसाचे तिकीट असेल तर निघतानाच्या वीस मिनिटांऐवजी चाळीस धरा.